संगणकाची पदवी हिंजवडीला बांधलेली नाही

यावल, फैजपूर, सावदा, रावेर या जळगाव जिल्ह्यातल्या केळीपट्ट्यात संगणकाची पदवी घेतलेल्या मुलाला लोक एकच प्रश्न विचारतात, "लागला का पुण्याला?" ‘हो’ म्हटलं की विषय संपतो. ‘नाही’ म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर निकाल उमटतो. पैसा वाया गेला, वर्षं वाया गेली, पोरगं वाया गेलं. मुलगी असेल तर बहुतेकदा कोणी विचारतही नाही. तिची पदवी लग्नाच्या परिचयपत्रात जाऊन बसते आणि तिथंच राहते.

हा निकाल ज्या समजुतीवर उभा आहे, ती खोडून काढण्यासाठी मी लिहितो आहे. समजूत अशी की संगणकशास्त्र शिकलेल्याचं काम एकच, सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामिंग करणं. ते पुणे, बंगळूर, हैदराबाद इथंच मिळतं, आणि ते मिळालं नाही तर बाकीचं सगळं हरलेल्यांसाठी असतं. या समजुतीत तीन विधानं आहेत आणि तिन्ही चूक आहेत. यावलसारख्या तालुक्यात केळीचा विमा, जमिनीखालचं पाणी, सातबारावरचं पीक, वनहक्काचा दावा आणि कोर्टातला पुरावा या सगळ्यांचा फैसला आज आकडेमोडीवर होऊ लागला आहे. ती आकडेमोड वाचणारा, तपासणारा आणि चुकली असेल तर पुराव्यानिशी दाखवून देणारा माणूस तालुक्यात हवा आहे. असं काम करणाऱ्याला हरलेला म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि तालुक्याचं नुकसानही आहे.

ही समजूत आली कुठून ते आधी पाहू. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याच काळात खानदेशातही अभियांत्रिकी शिक्षण आलं. फैजपूरला जे. टी. महाजन महाविद्यालय उभं राहिलं, जळगावजवळ बांभोरीला महाविद्यालय निघालं. १९९० साली जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झालं. शेतकऱ्याच्या पोराला इंजिनिअर होण्यासाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागेना, ही मोठीच गोष्ट घडली आणि तिचं मोल मी कमी करत नाही. पुढे आयटीची लाट आली. महाविद्यालयांनी प्रवेशासाठी जाहिराती केल्या त्या शिक्षणाच्या नव्हत्या, नोकरीच्या होत्या. फलकावर काय शिकवतो ते नसायचं. किती मुलं कोणत्या कंपनीत लागली आणि सगळ्यात मोठं पॅकेज किती, हे असायचं. पंचवीस वर्षं हेच फलक वाचून आपण पदवीचा अर्थ ठरवला. नोकरीची हमी म्हणून विकत घेतलेली वस्तू नोकरी देत नसेल तर ती खोटी निघाली, असं वाटणं मग स्वाभाविकच होतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण माझ्याच बाजूने बोलणारे काही लोक वेगळा युक्तिवाद करतात. ते म्हणतात, आयटीतली भरती आटली, कृत्रिम बुद्धिमत्ता आली, तेव्हा आता दुसरे पर्याय शोधा. भरती आटली हे खरंच आहे. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून कर्मचारीसंख्या सुमारे ६४ हजारांनी घटली. २०२५ च्या जुलैत टीसीएसने आणखी बारा हजारांच्या आसपास लोक कमी करण्याचं जाहीर केलं. नवख्या मुलाचा पगार कित्येक वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळला आहे. तरीही माझा मुद्दा या मंदीवर टेकलेला नाही. उद्या कंपन्या पुन्हा फैजपूरच्या दारात मुलाखती घ्यायला उभ्या राहिल्या तरी तो तसाच उभा राहील. मंदीचा आधार घेऊन पर्याय सुचवणारे शेवटी हेच कबूल करतात की खरं करिअर पुण्यातच आहे आणि उरलेलं नाइलाजाचं. ते मला मान्य नाही.

आता तालुक्यातल्या कामांकडे येऊ.

पहिलं काम केळीच्या विम्याचं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. यावल-रावेरच्या घराघराचं वर्षाचं गणित मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामी लागवडींवर चालतं. थंडीत पानं चरकतात, घडाची वाढ थांबते. एप्रिल-मेच्या उन्हात झाडं होरपळतात. वादळात उभी बाग आडवी होते. त्यावर हवामान आधारित फळपीक विमा आहे. या विम्यात तापमानाच्या फटक्यासाठी कोणी बांधावर येऊन नुकसान बघत नाही. महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र जे नोंदवतं त्यावर भरपाई ठरते. गेल्या काही वर्षांच्या निकषांनुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली गेलं, किंवा एप्रिलमध्ये सलग पाच दिवस कमाल तापमान ४२ अंशांवर राहिलं, तर शेतकरी पात्र ठरतो.

हा निकष संगणक शिकलेल्याच्या नजरेने वाचून बघा. समजा दोन पहाटे पारा ७.८ अंशांवर गेला आणि तिसऱ्या पहाटे ८.१ वर थांबला. भरपाई शून्य. तिसऱ्या दिवशीचा तो आकडा मोजणाऱ्या उपकरणाची अचूकता किती? ते शेवटचं कधी तपासलं? मधल्या एका दिवसाची नोंद तुटली तर तो दिवस ‘सलग’मध्ये धरायचा की नाही? शेजारच्या केंद्राचा आकडा घ्यायचा असेल तर कोणत्या शेजाऱ्याचा? थंड हवा जड असते, रात्री ती सखल भागात साचते. मग एका मंडळातल्या साऱ्या गावांना एकाच केंद्राचा पारा लावणं कितपत न्याय्य? हे प्रश्न पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात वेगळ्या नावांनी शिकवले जातात: सीमेवरची उदाहरणं, गहाळ नोंदी, नमुन्याची निवड, मोजमापातली चूक. आज हे प्रश्न शेतकरी निवेदनात आपल्या शब्दांत मांडतो आणि कार्यालयातून उत्तर येतं की आकडेवारीनुसार आपण पात्र नाही. त्या आकडेवारीला आकडेवारीने उत्तर देणारा माणूस शेतकऱ्याच्या बाजूला उभा नाही.

राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून २०१७ पासून दोन हजारांहून अधिक हवामान केंद्रं उभी राहिली. केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ योजनेत हे जाळं आणखी खाली, ग्रामपंचायतींपर्यंत न्यायचं ठरलं आहे. विमा काढलेल्या शेतात केळी खरोखर आहे का, हे उपग्रहाच्या चित्रांवरून पडताळण्याचा प्रकारही या जिल्ह्यात झाला आहे. नुकतीच लावलेली कांदेबाग वरून मोकळ्या रानासारखी दिसू शकते, हे ज्याला चित्राचं विश्लेषण येतं आणि ज्याने कांदेबाग पाहिली आहे त्यालाच सुचेल. दोन्ही येणारा माणूस नागपूरच्या किंवा मुंबईच्या कार्यालयात सापडणं कठीण. यावलच्या घरात तो सापडतो, पण आपण त्याला ‘बसून आहे’ म्हणतो.

दुसरं काम पाण्याचं. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू आणि रेताड मातीचा एक पट्टा आहे. भूशास्त्रात त्याला बाझाडा म्हणतात. डोंगरातून उतरलेलं पाणी तिथं झपाट्याने मुरतं आणि दक्षिणेकडे तापीच्या गाळाच्या खोल थरांत उतरतं. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या कातळावर आहे. तिथल्या विहिरीचं शास्त्र इथं चालत नाही. केळीच्या जिवावर आपण ही पाण्याची ठेव उपसत आलो आणि बोअर खोल खोल जात राहिले. केंद्रीय भूजल मंडळाने यावल तालुक्यातल्या टीई-१७ या पाणलोटात कृत्रिम पुनर्भरणाचे प्रयोग केले, म्हणजे हा तालुका या प्रश्नाच्या देशपातळीवरच्या अभ्यासात आधीच आहे. अटल भूजल योजनेतही जळगाव जिल्हा घेतला गेला, आणि त्या योजनेचा गाभा गावाने स्वतः पाण्याचा ताळेबंद मांडण्यात होता. २०२५ च्या मे महिन्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तापी महापुनर्भरण प्रकल्पाचा करार झाला. अंदाजे खर्च १९ हजार कोटींच्या वर.

एवढा पैसा जमिनीत मुरवणार, तर पाणी खरोखर मुरलं का हे मोजणार कोण? किती विहिरींत, किती दिवसांनी, कोणत्या खोलीवर, आणि पाऊस जास्त झाला म्हणून पातळी वाढली की प्रकल्पामुळे, हे वेगळं कसं करणार? भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून मोजक्या वेळा नोंदवते. गावातल्या प्रत्येक बोअरची खोली, पाणी लागलेला थर, उपशाचे तास आणि विजेचा भार यांची नोंद कोणीच एकत्र ठेवत नाही. ही नोंद उभी करणं, स्वच्छ करणं, नकाशावर मांडणं आणि ग्रामसभेत समजेल अशा भाषेत सांगणं हे संगणकशास्त्राचंच काम आहे. त्यासाठी ॲप बनवायची गरजही पडणार नाही. टेप, वही, जीपीएस आणि शिस्त पुरेशी आहे.

यावर ‘हे सगळं बोलायला ठीक’ असं म्हणणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातलंच एक उदाहरण देतो. मिलिंद सोहोनी हे आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागाचे प्राध्यापक. केतन मुळमुळे यांच्यासोबत त्यांनी संगणन किती अवघड असू शकतं याचा बीजगणित आणि भूमितीच्या अंगाने जो अभ्यास मांडला, तो त्या शास्त्राच्या सर्वांत अमूर्त भागात मोडतो. याच सोहोनींनी आयआयटीच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्रात विद्यार्थ्यांना कर्जत तालुक्यातल्या गावांच्या पिण्याच्या पाण्याचे प्रश्न अभ्यासायला लावले. पुढे २०१८ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला ‘पोकरा’, पंधरा जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात जळगावही होता. त्या प्रकल्पासाठी गावपातळीवरचा पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आयआयटी मुंबईच्या गटाने तयार केली. पाऊस, मातीचा पोत, उतार, जमिनीचा वापर आणि पीक हे घालायचं; किती पाणी वाहून गेलं, किती मुरलं आणि पिकाला किती कमी पडलं हे काढायचं. संगणकशास्त्राच्या एका प्राध्यापकाने केलेलं हे काम. त्यांनी आपलं शास्त्र सोडलं असं कोणी म्हणेल का? मोठ्या संस्थेतल्या प्राध्यापकाने हे केलं तर ते संशोधन, आणि यावलच्या पदवीधराने केलं तर ती बेकारी, हा दुजाभाव आपण कोणत्या आधारावर करतो?

तिसरं काम जमिनीच्या आणि जंगलाच्या हक्कांचं. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने मोबाइलवरून स्वतः पीक नोंदवायचं. २०२५ पासून शेतकरी ओळख क्रमांकाशिवाय कृषी योजनांचा लाभ अडतो. नोंद चुकली तर विमा, अनुदान, कर्ज सगळीकडे ती चूक वाहत जाते, आणि ती नेमकी कोणत्या टप्प्यावर शिरली हे शोधणं हे एक कौशल्य आहे. डोंगराकडे गेलं तर प्रश्न आणखी गंभीर होतो. यावलला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, यावल अभयारण्य आहे, पावरा आणि तडवी भिल्लांची वस्ती आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा करायचा तर कसत असलेली जमीन नकाशावर दाखवावी लागते. या कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की उपग्रह चित्रं इतर पुराव्यांना पूरक ठरतील, त्यांची जागा घेणार नाहीत. हे वाक्य कागदावर आहे. चित्र धूसर आहे, ते चुकीच्या महिन्यातलं आहे, ठिकाण दहा-वीस मीटरने सरकलं आहे, हे दाखवून देणारा माणूस दावेदाराच्या शेजारी बसला तरच ते वाक्य त्याच्या कामाला येईल.

चौथं काम कोर्टातलं, आणि ते सर्वांत वेगाने वाढणार आहे. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात झालेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण पुरावा म्हणून घ्यायचं की नाही, हा त्यातला कळीचा प्रश्न होता. २०२० च्या जुलैत न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरण न्यायालयापुढे आणलेलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागेल. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ खाली या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला भाग नोंद सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. नमुन्यात हॅश किंमत, म्हणजे नोंदीचा डिजिटल ठसा, लिहायची जागा आहे आणि एसएचए-२५६, एमडी-५ ही नावं थेट छापलेली आहेत. नोंदीतलं एक अक्षर बदललं तरी हॅश बदलते, हे संगणकाच्या विद्यार्थ्याने परीक्षेत लिहिलेलं असतं. तालुका कोर्टात मोबाइलवरचे संदेश, शेतातल्या भांडणाचं चित्रीकरण, फसवणुकीच्या ऑनलाइन व्यवहारांच्या नोंदी रोज येत राहणार. पदवीनंतर तीन वर्षांची एलएलबी करता येते. संगणकाची पदवी आणि सनद दोन्ही असलेला वकील तालुक्याच्या बारमध्ये असेल तर अशिलाची किती गैरसोय आणि किती नुकसान टळेल!

आता आक्षेपांकडे येतो. ते हलके नाहीत आणि मी त्यांना हलकं समजत नाही.

पहिला आक्षेप: हे काम एमएससीआयटी झालेलं कोणतंही पोरगं करतं, त्याला चार वर्षांची पदवी कशाला? या आक्षेपात अर्ज भरणं आणि आकडा तपासणं यांची गल्लत आहे. सेवा केंद्रात बसून अर्ज भरणारा माणूस यंत्रणेने विचारलेलं उत्तर टंकतो. मी ज्या माणसाबद्दल बोलतो तो यंत्रणेला प्रश्न विचारतो. रक्त काढणारा आणि रोगाचं निदान करणारा दोघंही दवाखान्यातच असतात, पण त्यांचं शिक्षण वेगळं असतं. पहिल्याचा मान ठेवूनही दुसऱ्याची गरज संपत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत खरा आहे. ग्रामपंचायतींच्या संगणक परिचालकांना अनेक वर्षं सहा-सात हजारांच्या मानधनावर राबवून घेतलं गेलं. त्यांनी मुंबईला जाऊन आंदोलनं केली. त्यांच्याकडे बघून कोणता बाप मुलाला गावात थांब म्हणेल? मी त्या बापाला दोष देत नाही. पण परिचालकांची अवस्था हे काम हलकं असल्याचा पुरावा ठरत नाही. ज्याच्याशिवाय ग्रामपंचायतीचा एकही दाखला निघत नाही, त्याला इतकं कमी मोजलं गेलं, यावरून एवढंच दिसतं की सरकारने काम घेतलं आणि मोबदला टाळला. म्हणून माझी मागणी मुलांनी गावात थांबून त्याग करावा अशी नाहीच. काम आहे, तर त्याचा दाम द्या, ही मागणी आहे. आणि पुण्यातल्या नवख्याच्या पगारातून खोलीचं भाडं, मेस आणि प्रवास वजा केल्यावर हातात काय उरतं, याचाही हिशोब घरोघरी प्रामाणिकपणे मांडला जावा. काहींच्या बाबतीत पुणेच फायद्याचं ठरेल. त्यांनी जावं. सगळ्यांच्या बाबतीत ठरत नाही.

तिसरा आक्षेप पात्रतेचा: भूजल खात्यात भूशास्त्राची पदवी मागतात, कृषी खात्यात कृषीची, मग संगणकवाल्याला घेणार कोण? हाही बरोबर आहे. यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे मुलांनी दुसरं शिक्षण घेण्याची तयारी ठेवायला हवी. नुसत्या संगणकावर भागणार नाही. पाण्यात काम करायचं तर खडक समजला पाहिजे, विम्यात करायचं तर हवामान आणि केळीचं पीक, कोर्टात करायचं तर कायदा. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, जी इस्रोच्या अखत्यारीत आहे, उपग्रह चित्रं आणि भौगोलिक माहितीप्रणालीचे अभ्यासक्रम ऑनलाइन विनामूल्य घेते. सुरुवात तिथून करता येते. दुसरी गोष्ट सरकारने करायची आहे. खात्यांचं काम नोंदी, नकाशे आणि प्रतिमानांवर गेलं आणि पात्रतेचे नियम मात्र जुनेच राहिले, ही विसंगती दूर केली पाहिजे.

चौथा आक्षेप थेट बोलला जात नाही, पण मनात असतो: हुशार मुलगा गावात राहिला म्हणजे त्याच्यात काहीतरी कमी आहे. या विचाराची किंमत सगळ्यात जास्त मुली मोजतात. फैजपूर-यावलच्या वर्गांत मुली आहेत आणि त्या चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतात. पण अनेक घरं मुलीला एकटीने पुण्याला पाठवत नाहीत. ते योग्य आहे असं मी म्हणत नाही, पण ते आहे. पुणे हाच एक मार्ग मानल्यामुळे तिच्यासाठी मार्गच उरत नाही. तालुक्यात खरं, प्रतिष्ठेचं, पगाराचं काम असेल तर तिच्या शिक्षणाला अडवणारा एक बहाणा तरी कमी होईल. अशा मुलींनी विहिरींच्या नोंदी, विम्याचे आकडे, वनहक्काचे नकाशे हातात घेतले तर या भागातल्या सार्वजनिक चर्चेची पातळीच वर जाईल. ती शक्ती आपण आज घरात बंद करून ठेवली आहे.

आणखी एक बाजू घाईत सांगून पुढे जातो, कारण ती स्वतंत्र लेखाची आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी-अहिराणी मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून अधिक होते. लेवा गणबोली, पावरी, तडवींची बोली या त्याशिवाय. आवाज ओळखणाऱ्या आणि बोलणाऱ्या यंत्रणा आज सरकारी सेवांत येऊ लागल्या आहेत आणि केंद्राचं ‘भाषिणी’ अभियान प्रामुख्याने आठव्या अनुसूचीतल्या भाषांवर बेतलेलं आहे. आमच्या आजीने विम्याच्या मदत क्रमांकावर आपल्या बोलीत तक्रार सांगितली तर यंत्राला ती कळावी, यासाठी बोलीचे नमुने गोळा करणं, लिहून काढणं, तपासणं हे काम लागेल. बोली येणारा आणि संगणक येणारा माणूसच ते करू शकतो.

मग काय करायचं? विद्यापीठाने आणि खानदेशातल्या महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाचे प्रकल्प बदलावेत. ग्रंथालय व्यवस्थापन, हजेरीचं ॲप, ऑनलाइन दुकान हे प्रकल्प वर्षानुवर्षं एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरतात. त्याऐवजी एका महसूल मंडळाच्या दहा वर्षांच्या तापमान नोंदींची तपासणी, एका गावाच्या सगळ्या बोअरची नोंदवही, एका पाड्याच्या वनहक्क दाव्यांचे नकाशे हे विषय द्यावेत आणि निकाल ग्रामसभेत मांडायला लावावेत. परीक्षक म्हणून एक शेतकरी बसवावा. जिल्हा प्रशासनाने हवामान केंद्रांच्या कच्च्या नोंदी आणि भूजलाच्या पातळ्या सहज मिळतील अशा खुल्या कराव्यात; तपासायला आकडाच हाती नसेल तर तपासणाऱ्याचं शिक्षण निरुपयोगी ठरतं. वकिलांच्या संघाने संगणक शिकलेल्या नवख्या वकिलाला हाताशी घ्यावं.

आणि केळीउत्पादकांनी स्वतः एक पाऊल टाकावं. शेतकरी उत्पादक कंपन्या खताची, रोपांची, वाहतुकीची एकत्र खरेदी करतात, मग तपासणीचीही करावी. एका मंडळातल्या बागायतदारांनी विम्याच्या हप्त्याबरोबर थोडी वर्गणी काढली तर एका पदवीधराचा वर्षाचा योग्य पगार निघू शकतो. त्याने रोज केंद्राच्या नोंदी उतरवून ठेवाव्यात, स्वतंत्र तापमापकं लावून ताडून पाहावीत, तुटलेली नोंद त्याच आठवड्यात लेखी कळवावी आणि हंगाम संपल्यावर आकड्यांसह हिशोब मांडावा. हे कोणाच्या परवानगीवाचून करता येतं. सरकारचे नियम बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. येत्या ऑक्टोबरात विम्याचे अर्ज भरण्याआधी यावल तालुक्यातल्या एका तरी मंडळातल्या बागायतदारांनी असा माणूस पगार देऊन नेमावा. एका हंगामात त्याने मांडलेला हिशोब या साऱ्या वादाचा निकाल लावेल.